दादासाहेबांच्या ओठाचा डावा कोपरा

सुपडू नाना नवीन माणसाला भेटले की आधी त्याचा कान बघत. नमस्कार वगैरे नंतर, आठवला तर. आम्ही धुळ्यात देवपूरच्या या घरात राहायला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून गॅसची शेगडी उतरवत होतो आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडून एक उंच, वाळका म्हातारा माझ्याकडे एकटक बघत होता. बनियनवर पांढरे डाग, केसांत पांढरी धूळ. मी म्हटलं, "नमस्कार. आम्ही नवीन राहायला आलोय."

तो म्हणाला, "तुन्हा डावा कान खाले शे."

एवढं सांगून तो आत गेला. मी शेगडी तिथेच ठेवली आणि टेम्पोच्या आरशात बघितलं. पुढचे आठ दिवस घरातल्या आरशात बघितलं. कान खरोखरच खाली होता. माझा चष्मा लहानपणापासून तिरका बसतो आणि तीस वर्षं मी चष्मेवाल्यांशी भांडत आलो होतो. दोष काडीचा नव्हता हे मला नानांनी पहिल्या भेटीत, एका वाक्यात सांगितलं होतं.

संध्याकाळी नानांच्या बायको, अक्का, आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका बरं. माझ्या भावाला त्यांनी आमच्या लग्नातच सांगितलं होतं, तुझं डोकं मागून सपाट आहे म्हणून. तो अजून टोपी काढत नाही."

नाना शिल्पकार होते. मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी मुंबईला जाऊन शिकून आले, पण बोलणं त्यांनी अहिराणीच ठेवलं. कलेक्टर आले तरी अहिराणी. "बठ्ठा जगनी भाषा शिकसू तर काम कव्हय करसू?" असं ते विचारत. धुळे-जळगावच्या गावोगावी, सोसायटीच्या दारात, शाळेच्या पटांगणात, बसस्टँडसमोर जे अर्धपुतळे दिसतात, त्यांतले कितीतरी त्यांच्या हातचे. खाली नाव मात्र कुठेच नाही. नाव पुतळ्याचं असतं आणि उद्घाटन करणाऱ्याचं असतं.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. भरताची वांगी घेताना लोक देठ बघतात, वजन बघतात. नाना वांगं हातात घेऊन सावकाश गोल फिरवत, उजेडाकडे धरत आणि म्हणत, "हाई वांगानी पाठ चांगली शे." मग ते वांगं परत टोपलीत ठेवून दुसरं उचलत. भाजीवालीने एकदा विचारलं, "बाबा, भरीत करायचंय का सोयरीक?" नानांनी खूप विचार करून सांगितलं, "आते ठरेल नही."

आमच्या गल्लीतले एक वयस्क गृहस्थ वारले तेव्हा नाना बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याजवळ बसून होते. लोकांना वाटलं, जुना स्नेह असावा. उठताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "काय कपाळ व्हतं मास्तर. जिंदगीभर टोपीखाले दाबी ठेवं." मला हसू आलं आणि ते लपवण्यासाठी मला रुमाल काढून रडावं लागलं.

मास्तर म्हणजे मी; शाळेत मराठी शिकवतो. शिल्प म्हटलं की मला एकच चित्र माहीत होतं: एक माणूस, एक दगड, छिन्नी आणि हातोडा. नानांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे दगड नव्हताच. मी तसं बोललो. नाना हसले नाहीत. त्यांनी मला एका उलट्या बादलीवर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. पुढे आठ वर्षं रविवारी सकाळी मी त्या बादलीवर बसत असे.

शिल्पकाराच्या दोन जाती, ते म्हणत. एक काढणारा, एक लावणारा. दगडवाला आणि लाकूडवाला काढत जातो. त्याचं चुकलं की चुकलं, निघालेलं नाक परत लागत नाही. मातीवाला लावत जातो. त्याला चुकायची मुभा आहे. "दगड माफ नही करत. माटी ऐकी लेस. पिलास्टर घाई करस. आनि धातू काही भूलत नही." हे चार वाक्यांचं पाठ्यपुस्तक त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की एकदा वर्गात व्याकरण शिकवताना मी उदाहरण म्हणून तेच दिलं.

माती म्हणजे अंगणातली नव्हे. आपल्या काळ्या मातीला ते नावं ठेवत. कपाशीला चांगली, पुतळ्याला वाईट, वाळली की तडकते. ते बाहेरून बारीक, पिवळसर माती मागवत, भिजवत, पायाने तुडवत आणि चिमूट जिभेवर ठेवून बघत. दाताखाली कचकच लागली की पुन्हा गाळायची. आधी फळीवर लोखंडी सळईचा सांगाडा उभा करायचा. त्यावर तारेने लाकडाच्या छोट्या फुल्या लटकवायच्या. ओली माती जड असते, आपल्याच वजनाने घसरते. या फुल्या तिला आतून धरून ठेवतात. मग सांगाड्यावर मातीचे गोळे थापायचे. आधी कवटी, मग गाल. डोळे, ओठ सगळ्यांत शेवटी. घाईचा माणूस डोळ्यांपासून सुरुवात करतो, ते म्हणत, आणि मग त्या डोळ्यांना बसायला डोकंच उरत नाही.

चेहरा पूर्ण झाला की त्यावर प्लास्टरचा साचा. पहिला पातळ थर देताना नाना त्यात कपड्यांची नीळ टाकत. मी विचारलं, कशाला. तर पुढे साचा छिन्नीने फोडायचा असतो. फोडता फोडता निळा रंग दिसला की समजायचं, आता चेहरा जवळ आला, हात हलका करा. निळ्या थरावर पांढरे जाड थर. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. त्यांनी माझा तळहात त्यावर ठेवला होता, ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारखं लागलं. मग साचा उघडायचा, आतली माती कोरून बाहेर काढायची, साच्याला आतून साबणाचं पाणी लावायचं आणि त्यात पुतळा ओतायचा. प्लास्टरचा, फायबरचा, किंवा ज्यांची ऐपत आहे त्यांचा आधी मेणाचा करून मग धातूचा.

"आणि मूळ मातीचं?" मी विचारलं.

"ते जास," नाना म्हणाले. "माटी परत हौदमा. जो चेहरा मी केला तो कोनीच देखत नही. लोक देखतस ती त्यानी नक्कल."

अक्का वारल्या त्याला आता अडीच वर्षं झाली. आठ दिवसांचा ताप, आणि गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेरावं झाल्यावर नानांनी शेडमध्ये एक नवीन सांगाडा उभा केला आणि अक्कांचा चेहरा करायला घेतला. तीन महिन्यांत कपाळ झालं, गाल झाले, नाक झालं. तोंड होईना. रोज लावायचं, रोज काढायचं. घरात अक्कांचा धड फोटो नव्हता. मतदार कार्डावर होता, पण त्यात अक्का कुणाही बाईसारख्या दिसत होत्या. चेहरा वाळू नये म्हणून नाना दिवसातून तीनदा त्यावरचं गोणपाट भिजवत आणि वर प्लास्टिक गुंडाळत.

त्याच दिवसांत आमच्या संस्थेला संस्थापकांचा पुतळा बसवायचं सुचलं.

संस्थापक म्हणजे दादासाहेब. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती आणि आता त्यांचा मुलगा अध्यक्ष होता. नानांचं नाव मीच सुचवलं. नाना दादासाहेबांना चांगले ओळखत. दादासाहेब उतारवयात दुपारचे नानांच्या शेडमध्ये येऊन बसत, त्याच बादलीवर. शिवाय, खरं सांगायचं तर, नानांना अक्कांच्या चेहऱ्यापासून जरा बाजूला काढावं असंही माझ्या मनात होतं. हा विचार चांगला होता. या हकिकतीत माझ्याकडून झालेली चांगली गोष्ट एवढीच.

समितीला पुतळ्याचं बोट वर केलेलं हवं होतं. नाना म्हणाले, "बोट पहिले तुटस." समिती अर्धपुतळ्यावर आली. मग नानांनी काम सुरू केलं आणि दोन महिन्यांत मातीत दादासाहेब उभे राहिले. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं नोकरी केली होती. शेडमध्ये शिरलो आणि नकळत माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

दादासाहेबांचं हसू विचित्र होतं. ते हसत तेव्हा त्यांच्या ओठाचा डावा कोपरा खाली जाई. नवीन माणसाला वाटे, रागावले. जुनी माणसं ओळखत की म्हातारा खुशीत आहे. नानांनी नेमकं तेच पकडलं होतं. फोटोत ते कुठेच नव्हतं, कारण फोटो काढताना दादासाहेब तोंड घट्ट मिटून बसत.

अध्यक्ष बघायला आले. बराच वेळ पुतळ्याभोवती फिरले. नानांसमोर "छान, छान" म्हणाले. बाहेर गाडीपाशी मला म्हणाले, "सर, बाबा चिडलेले वाटतात. शाळेत लहान मुलं येणार. जरा प्रसन्न करायला सांगा. तुमचं ऐकतील ते. आणि हो, तुमच्या पर्यवेक्षकाच्या जागेचं पुढच्या बैठकीत घेतोय आपण."

दोन्ही वाक्यं त्यांनी एका श्वासात म्हटली. त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या मनात मात्र ती दोन वाक्यं एकमेकांना चिकटली ती सुटली नाहीत.

मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "ते चिडेल नही. हसी ऱ्हायना."

"पण लोकांना कळणार नाही ना, नाना."

"ज्याले कळस त्यानाकरता करेल शे."

विषय संपला. मी आणखी दोनदा काढला, दोनदा संपला.

मग नानांना यावलकडे जावं लागलं. तिथल्या एका गावात त्यांनी पूर्वी केलेल्या पुतळ्याला केळीच्या ट्रॅक्टरचा धक्का लागून खांद्याला तडा गेला होता. दोन दिवसांचं काम. त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "दिनमा तीनदा पानी मार. दोन्हीसले. मी उनू का साचा टाकसू." दोन्ही म्हणजे दादासाहेब आणि अक्का. नानांनी ती किल्ली अक्कांशिवाय कधी कुणाकडे दिली नव्हती.

पहिल्या दिवशी मी तीनदा पाणी मारलं आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून घरी जेवायला आलो, हात धुऊन शेडमध्ये गेलो, दादासाहेबांच्या तोंडावरचं गोणपाट काढलं आणि ते लगेच परत घातलं नाही. आठ वर्षं बादलीवर बसून मी थोडंफार शिकलो होतो. पुतळ्याच्या पाठीचा कोट भरताना नाना मला माती लावू देत. अंगठा ओला ठेव, खालून वर ने, थांबायचं असेल तिथे आधीच दाब कमी कर. मी बोटाच्या पेराएवढी माती घेतली. डाव्या कोपऱ्याखाली लावली. अंगठा ओला केला आणि खालून वर नेला. मग ओला स्पंज फिरवून खुणा पुसल्या.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दादासाहेब प्रसन्न झाले. मी समोर उभा राहून बघितलं आणि मला चक्क बरं वाटलं, की जमलं. लाज नंतर आली. आधी कौतुक आलं, हे मला विसरता येत नाही.

संध्याकाळी नाना आले. पिशवी खाली न ठेवताच शेडमध्ये गेले. मी मागे उभा होतो. त्यांनी गोणपाट काढलं आणि नुसते बघत राहिले. त्यांना मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशन करायचं लांबवलं होतं. ते पुतळ्याच्या अगदी जवळ गेले, डोळे बारीक केले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"मास्तर, कोनी येल व्हतं का आठे?"

"नाही नाना," मी म्हणालो. "कोणी नाही."

त्यांनी ओठाजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. "हाई मीच करेल शे का?"

दार उघडंच होतं, मी निघून जाऊ शकलो असतो, बोलू शकलो असतो. मी आपला पाण्याचा डबा उचलला आणि तो रिकामा आहे का ते बघितलं.

"मन्हा हात शे," नाना म्हणाले. "दाब मन्हाच शे." दाब त्यांचाच होता, कारण तो त्यांनीच मला शिकवला होता. त्यांनी मला पकडलं असतं तर माझ्या अडाणीपणामुळे पकडलं असतं, आणि तेवढा अडाणी मी राहिलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष पुन्हा आले, पुतळा बघून खूश झाले, नानांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "ऐकलंत तुम्ही, आभारी आहे." नाना त्यांच्याकडे बघत राहिले. पुतळा बसवायची तारीख ठरलेली होती. दुपारी नानांनी निळा थर चढवला.

पुतळा बसला. भाषणं झाली, सूत्रसंचालन मी केलं. पुढच्या महिन्यात मी पर्यवेक्षक झालो. पेढे द्यायला नानांकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "चांगलं व्हयनं. तू लायक शे." तो प्रसंग मी बायकोलाही आजवर सांगितलेला नाही.

नानांनी मग जळगावला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. इतकी वर्षं अक्का मागे लागल्या होत्या, तेव्हा केलं नाही. आता आपणहून गेले. हिरवी पट्टी निघाली, धुळ्याला परत आले आणि बसस्टँडवरून घरी न येता थेट आमच्या शाळेत आले. मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. काळा चष्मा काढून ते पुतळ्यासमोर उभे होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं त्यांच्याभोवती धावत होती. पुन्हा घंटा झाली, पोरं वर्गात गेली. नाना तिथेच. दोष हाताचा नसून डोळ्यांचा निघाला तर बरं, अशा आशेने आले असावेत. मी खाली गेलो नाही.

त्यानंतर नानांनी काम बंद केलं. कुणी पुतळ्याचं विचारायला आलं की म्हणत, "मन्हा हात खोटा पडना आते." लोकांना वाटे, म्हाताऱ्याचा विनय. त्यांच्या दारावरची पाटी उतरली. बाजारात ते वांगी न फिरवता घेऊ लागले, पिशवी उघडून सरळ भाजीवालीपुढे धरत. तीच एकदा मला म्हणाली, "सर, बाबांना बरं नाही का? चार दिवस झाले, काहीच बोलत नाहीत." मी रविवारी जात असे, बादलीवर बसत असे. बोलायला विषय हवामानाचा. सांगायचं असं दर शनिवारी ठरवत असे. आता सांगून उपयोग काय, असं रविवारी म्हणत असे. अशी दीड वर्षं गेली. दीड वर्षं हा काळ किती मोठा असतो, ते जो गप्प बसतो त्याला नीट माहीत असतं.

गेल्या हिवाळ्यात दादासाहेबांची धाकटी बहीण शाळा बघायला आली. नव्वदीच्या आसपासची बाई, शिरपूरजवळच्या खेड्यात राहते, पुतळा झाल्यापासून तिला कुणी आणलंच नव्हतं. अध्यक्ष तिला हाताला धरून पुतळ्यापाशी घेऊन आले. मी बरोबर होतो. म्हातारीने मान वर करून बघितलं.

"हाऊ कोन शे?"

"आत्या, बाबा आहेत ना."

"मन्हा दादा हसे तव्हय त्यानं तोंड खाले जाये," म्हातारी म्हणाली. "हाऊ ते व्याह्याले भेटाले निंघेल दिसस."

सगळे हसले. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, "कारागीर म्हातारा होता आत्या. दिसत नव्हतं त्याला, हातही कापायचे. सर शेजारीच राहतात त्यांच्या. काय सर?"

मी म्हणालो, "हो. वय झालं होतं."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. तिला काही कळायचं कारण नव्हतं. पण मला ती नजर सहन झाली नाही. मी पोटात दुखतंय असं सांगितलं, गाडी काढली आणि घरी आलो. दुपारचे तीन वाजले असतील. नाना अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होते.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर पुन्हा हवामानावर गेलो असतो. ओठ, अंगठा, स्पंज, अध्यक्षांची दोन वाक्यं, किल्ली, सगळं सांगितलं. आज शाळेत काय म्हणालो तेही सांगितलं.

नानांच्या हातातली पाकळी अर्धी सोललेली राहिली. मला वाटलं, आता शिव्या येतील. मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे मन्हा हात बरा व्हता," ते म्हणाले.

"हो नाना."

"दीड वरीस मी हातले शिव्या देत ऱ्हायनू."

ते उठले आणि शेडकडे गेले. मी मागोमाग गेलो. शेडमध्ये बादली होती, हौद होता, आणि फळीवर एक नुसता सांगाडा होता. सळई, तार आणि लाकडाच्या फुल्या, मातीचा कण नाही. कोपऱ्यातल्या त्या फळीवर नेहमी गोणपाट आणि प्लास्टिक गुंडाळलेलं असे. दीड वर्षं दर रविवारी मी तिथे येत होतो आणि आपल्याच काळजीत असा बुडालेलो की ते गोणपाट कधी नाहीसं झालं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"अक्का?" मी विचारलं.

"मोडी टाकी. डोळा करीसन उनू त्याच दिवस." नाना सांगाड्याकडे बघत होते. "दादासाहेबले मी खोटं हसाडं असं वाटनं. मंग हाई हात तिले लावाना कसा? तिलेबी खोटं हसाडी देतू तर?"

मला वाटत होतं की मी एका पुतळ्याचा ओठ बिघडवला. बाकी अपराध मी रोज मोजला होता; हा माझ्या हिशेबातच नव्हता. मी काहीतरी बोलायला लागलो, बहुधा माफीचंच. नानांनी हात वर केला.

"आते नको. पहिले अध्यक्षले जाई सांग. मंग मन्हाकडे ये."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पण चांगलं दिसतंय की सर. कशाला उकरता?" मी पुतळा पुन्हा करायचा असं सुचवलं. ते म्हणाले, बघू. पर्यवेक्षकपद सोडतो म्हणालो, तेव्हा मात्र त्यांना राग आला. ते पद मी वार्षिक परीक्षा संपल्यावर सोडलं. पुतळा आहे तसाच आहे. अध्यक्ष म्हणाले ते एका अर्थी खरंच आहे, तो पोरांना आवडतो.

अध्यक्षांना सांगितलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर नानांकडे गेलो. हौदातली माती बाहेर काढून त्यांनी तुडवून ठेवली होती. पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले होते. मला बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "बस. तू तिले आठ वरीस देखेल शे. तिन्हं तोंड तुले याद शे का? माले येत नही. जितलं आठवाले जास, तितलं दूर जास. तू सांग, मी लावस."

मी डोळे मिटले. आठ वर्षं अक्का माझ्या शेजारी राहत होत्या. रोज दिसत होत्या. मी शोधलं. हसताना त्या पदर तोंडाशी धरत, एवढं आठवलं. पदर निळसर होता तेही आठवलं. त्यामागचं तोंड नव्हतं. ओठ जाड होते की पातळ, दात पुढे होते का, काहीच नव्हतं. वर्गातल्या साठ पोरांची नावं मला पाठ असतात.

"नाही आठवत नाना," मी म्हणालो. ओठांबद्दल त्यांनी मला विचारलेला हा तिसरा प्रश्न, आणि खरं उत्तर मी एवढ्या एकालाच दिलं.

माती त्यांच्या हातात होती.

"हात आठवतो," मी म्हणालो.

"कोन्ता हात?"

"उजवा. भिंतीवरून भरताची वाटी द्यायच्या ना. वाटी माझ्या हातात आली तरी सोडायच्या नाहीत. 'धरली का?' विचारायच्या. मी हो म्हटल्यावर सोडायच्या. दर वेळी."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग खाली, आपल्या तळहातांकडे.

"मन्हा समोर ताट ई जाये," ते म्हणाले. "पंचेचाळीस वरीस. हात कोन देखस?"

त्यांनी एक लहान फळी ओढली, त्यावर तारेचा तुकडा वाकवून रोवला आणि मातीचा पहिला गोळा थापला. "सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. घाई नही."

अक्कांची करंगळी शेवटच्या पेरात जरा आत वळलेली होती. मी तिथून सुरुवात केली.